राणीच्या बागेत, फक्त मोठ्याला घेऊन

मेतकूट_भात

धागा काढण्याचं कारण तसं किरकोळ आहे. गेल्या शुक्रवारी मोठ्याला (वय साडेसहा) घेऊन राणीच्या बागेत जाऊन आले. फक्त त्याला. छोटी पाच महिन्यांची, ती घरी सासूबाईंकडे. ती झाल्यापासून मी आणि तो, असे दोघंच तासभरसुद्धा कुठे गेलो नव्हतो. फार तर खाली वाण्याकडे, तेही पळत.

शाळेत बारावीचं परीक्षा केंद्र आहे म्हणून लहान वर्गांना सुट्टी होती. माझी बाळंतपणाची रजा संपायला महिना उरलाय. आत्ता नाही तर मग थेट मे महिन्याच्या गर्दीत, असा हिशोब केला. आदल्या रात्री दूध काढून फ्रीजमध्ये ठेवलं. सासूबाई वाटी-चमच्याने छान पाजतात, पण त्यांनी बजावलं होतं, "तीनच्या आत ये गं बाई, तीननंतर ती माझं काही चालू देत नाही." डोंबिवलीहून जाऊन-येऊन बागेत जेमतेम अडीच तास मिळणार होते.

गर्दी ओसरल्यावरची फास्ट पकडली, लेडीज डब्यात खिडकी मिळाली. हा आपला माझ्या कानाशी लागून कुजबुजतोय, "आई, ती बघ, मालगाडी. आई, खाडी आली." समोरच्या काकूंनी शेवटी विचारलं, "घसा बसलाय का रे बाळा?" मला क्षणभर कळेना त्या असं का विचारतायत. मग लक्षात आलं. पाच महिने आम्ही त्याला एकच सांगतोय, हळू बोल, ती झोपलीये. पोराला तीच सवय लागली. धडधडत्या गाडीतही तो हळूच बोलत होता. मी म्हटलं, "अरे, इथे जोरात बोल की." तर त्याने आधी इकडेतिकडे बघून घेतलं.

भायखळ्याला पूर्वेला उतरलं की रमतगमत दहा-बारा मिनिटांत बाग येते. तिकीट मोठ्यांना ५०, लहानांना २५. आईबाबा आणि दोन मुलं असं चौघांचं १०० रुपयांत होतं. आमचे दोघांचे पंचाहत्तर. त्याने खिडकीवरचा बोर्ड अक्षर लावून वाचला आणि म्हणाला, "म्हणजे बाबा आणि तिला पंचवीस रुपयांत आणता आलं असतं." वर लगेच, "पण नको."

आत गेल्यावर ठरवलं, वाट तो ठरवणार. कुठे किती वेळ थांबायचं तेही तोच. यात माझा मोठेपणा काही नाही, झोपच इतकी अपुरी होती की ठरवायची ताकद नव्हती. आत शिरल्याबरोबर तो एका दगडी हत्तीपाशी थबकला. चांगला मोठा हत्ती, अंगावर सांधे जोडल्यासारख्या रेषा. त्या रेषांवरून बोट फिरवत म्हणाला, "याला कोणीतरी चिकटवलंय." मी म्हटलं असेल बाबा, चल पुढे.

पेंग्विन. त्यांच्यासाठी रांग असतेच, कामाच्या दिवशीही होती. आत गार हवा, निळसर उजेड आणि पुढे सरका, पुढे सरका. पेंग्विन पाण्यात पोहत नाहीत, उडतात. काचेला नाक लावून बघितलं की हाच शब्द सुचतो. इथले हम्बोल्ट जातीचे. २०१६ च्या जुलैमध्ये सोलहून आठ आणले होते, त्यातला एक ऑक्टोबरमध्येच गेला. मग २०१७ च्या मार्चमध्ये लोकांसाठी दालन उघडलं. आता तिथे मुंबईतच जन्मलेले बरेच आहेत. हे सगळं मी आदल्या रात्री पाजता पाजता मोबाइलवर वाचून ठेवलेलं. त्याला मात्र वेगळाच प्रश्न. "यांचं बाळ झालं की मोठ्या पेंग्विनला कोण बघतं?" कुजबुजतच विचारलं. मागच्या बाईंची पर्स माझ्या पाठीत टोचत होती, मी म्हटलं बाहेर गेल्यावर सांगते.

बाहेर आल्यावर पाणघोडा. खरा कार्यक्रम हा. दहा मिनिटं नुसत्या दोन नाकपुड्या आणि दोन कान पाण्याबाहेर. कान असे गर्रकन फिरवायचा की पाणी उडायचं. मी घड्याळ बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं, मी घड्याळ बघणं सोडलं. मग ते धूड संथपणे काठावर आलं, आमच्याकडे पाठ केली आणि शेपूट पंख्यासारखी फटफट फिरवत शी केली. सगळीकडे. शब्दशः सगळीकडे. आधी याला कळलंच नाही. कळलं तेव्हा एवढ्या मोठ्याने किंचाळून हसला की शेजारच्या दोन पोरांनाही हसू आवरेना. पोट धरून खालीच बसला. "आई!! शेपटीने उडवली!! पंखा!! आई!!" पाच महिन्यांत मी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता.

बिबट्या झोपलेला होता. मगरी पाण्याखालून काचेतून बघता येतात, तेही छान आहे. जाळीच्या मोठ्या पक्षीगृहातून आपण चालत जातो, पक्षी डोक्यावरून. वाघ आम्हाला फक्त पट्ट्यापट्ट्यांनी दिसला, झुडपामागे. बिबट्यापाशी त्याने विचारलं, "यांना सुट्टी कधी असते?" बाग बुधवारी बंद असते, म्हणून मी म्हटलं बुधवारी. त्याला ते पटलं. "मग बुधवारी ते आपल्याला बघायला येत नाहीत."

डबा भायखळा स्टेशनच्या बाकावर बसून खाल्ला. इडली, चटणीपूड आणि एक पोळीचा लाडू अर्धा-अर्धा. समोरून फास्ट गाड्या धडाधड जात होत्या, तो डबे मोजत होता. तीनच्या आत काही पोचले नाही. तीन वीस. छोटी रडून लाल, सासूबाईंचा चेहरा त्याहून लाल. आणि हा दारातूनच ओरडला, "आजी, पाणघोड्याने काय केलं माहितीये?" ती दचकून रडायची थांबली.

कोणी असं एकाच मुलाला घेऊन जातं का? कुठे नेता? लिहा.

लोकलकर

ते कुजबुजण्याचं वाचून गलबललं. आमच्याकडे उलटं झालं होतं. मोठी इतकी मोठ्याने बोलायला लागली की शाळेतून चिठ्ठी आली. माहितीसाठी, मुलगा बारा वर्षांखालचा असेल तर लेडीज डब्यात चालतो, रेल्वेच्या कायद्यातच तशी सूट आहे. कोणी हटकलं तर घाबरू नका.

भायखळ्याचा_जुना

ताई, लिहिलंत झकास, पण हत्तीपाशी "चल पुढे" म्हणालात तिथे जीव तुटला. तुमच्या पोराने बरोबर ओळखलं. तो चिकटवलेलाच आहे.

तो हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच्यावरून. इंग्रजांना तो विलायतेला न्यायचा होता, उचलताना तो पडला आणि तुकडे झाले. ते तुकडे १८६४ मध्ये राणीच्या बागेत आणले आणि पुढे १९१४ मध्ये जोडून उभे केले. ज्या हत्तीमुळे बेटाला नाव मिळालं तो इथे, आणि लोक गेटवेहून बोटीत बसून हत्तीविना एलिफंटा बघायला जातात.

तिथेच घोड्यावर बसलेला राजा आहे, तो बघितलात? सातवा एडवर्ड, युवराज असतानाचा. हाच मूळचा काळा घोडा. १९६५ मध्ये फोर्टातून हलवून इथे आणला. नाव तिकडेच राहिलं. २०१७ मध्ये तिकडे पुन्हा एक घोडा उभा केला, पण स्वाराशिवाय.

आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय त्याच आवारात. १८७२ चं, मुंबईतलं सर्वांत जुनं. बाग त्याहून दहा वर्षांनी थोरली, १८६२ ची, लेडी फ्रियर यांच्या हस्ते उघडली. संग्रहालयात जुन्या मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या छोट्या प्रतिकृती आहेत, पगड्यांचे प्रकार आहेत. सहा-सात वर्षांच्या मुलाला अर्धा तास सहज पुरतो. तिकीट वेगळं आणि तेही बुधवारीच बंद, हे ध्यानात असू द्या.

मी लहान असताना इथे हत्तीवर बसवून फेरी मारत. वडील गिरणीत होते, पाळी सुटली की मला एकट्याला आणायचे, कारण बाकीचे तिघे शाळेत आणि मी अजून बिगरीत. वडिलांबरोबर दोघंच असल्याची माझ्याकडची आठवण तेवढी एकच. हत्तीचे राठ केस पोटरीला टोचायचे हे अजून आठवतं. त्यांचा चेहरा तितका स्पष्ट आठवत नाही.

असो. झाडं बघायला परत जा. तीन हजारांवर आहेत. गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, आणि आत्ता फेब्रुवारी-मार्चात उर्वशी फुलते. लालसर फुलांची झुंबरं लटकल्यासारखी. पोरं प्राणी बघतात, तुम्ही वर बघा.

मेतकूट_भात

@भायखळ्याचा_जुना, तुमचा प्रतिसाद मोठ्याला वाचून दाखवला. हत्तीचं ऐकून तो जिंकल्यासारखा खोलीभर फिरला. "मी सांगितलं होतं ना!" दिवसभरात चौथ्यांदा. त्याला आता प्रश्न पडलाय की तुकडे जोडताना एखादा उरला असेल तर तो कुठे ठेवला.

तुमच्या वडिलांचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. हत्तीचे केस राठ असतात हे मला माहीतच नव्हतं.

टेकडीवरचा_वेताळ

विरजण घालतोय, माफ करा. मुलांना पिंजऱ्यातले प्राणी दाखवून आपण नक्की काय शिकवतो? समुद्रातला पक्षी एसीच्या खोलीत. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात न्या, फुलपाखरं दाखवा, कान्हेरीला न्या. फुकट नसलं तरी स्वस्त आहे आणि कोणी काचेमागे नाही.

केळफूल

@वेताळ, मुद्दा समजतो, पण "समुद्रातला पक्षी एसीत" याला एक जोड देते. मी लंडनला असते. इथल्या प्राणिसंग्रहालयात हेच हम्बोल्ट पेंग्विन आहेत, ते उघड्यावर असतात, वर्षभर. हा बर्फातला पक्षीच नाही. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा. तिथे हम्बोल्ट नावाचा थंड प्रवाह वाहतो, त्याच्यामुळे पाणी गार आणि मासळी भरपूर. मुंबईत १६ ते १८ अंश ठेवावं लागतं ते मुंबईच्या उकाड्यामुळे. माझ्या मुलीला वाटायचं पेंग्विन म्हणजे बर्फ, तो गैरसमज इथेच गेला.

बाकी पिंजरे असावेत का, हा वाद प्रामाणिक आहे. तो साडेसहा वर्षांच्या मुलाच्या सुट्टीच्या दिवशी सोडवायलाच हवा असं नाही.

मेतकूट_भात

@वेताळ, विरजण वगैरे काही नाही. बिबट्यापाशी मलाही जड गेलं. "सुट्टी कधी असते" याचं उत्तर मी पटकन दिलं, कारण खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कान्हेरी यादीत घेतेय. पण पाच महिन्यांच्या टाक्यांनी कान्हेरी चढणं, यंदा तरी नाही.

@केळफूल, पेरूचं आधी कळलं असतं तर रांगेत वेळ चांगला गेला असता. पेंग्विनच्या त्या प्रश्नाचं उत्तर घरी येऊन शोधलं. हम्बोल्टचं अंडं साधारण चाळीस दिवस उबवावं लागतं, आणि आई-बाप आळीपाळीने बसतात. पिल्लाला भरवणंही दोघांचं. इथे २०१८ च्या १५ ऑगस्टला पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं होतं, ते आठवड्याभरात गेलं. हे शेवटचं मी त्याला सांगितलं नाही. आळीपाळीचं सांगितलं. त्यावर रात्री जेवताना तो बाबाला म्हणाला, "बाबा, पेंग्विनचे बाबा पण अंड्यावर बसतात." बाबा आमटी वाढून घेत होता. घेतच राहिला. पण रात्री अडीचला उठला, हे नमूद करते.

गूळपोळी

मला हे "फक्त एकालाच" पटत नाही. आम्ही चार भावंडं, कुठे गेलो तर सगळे, नाही तर कोणीच नाही. एकाला बागेत आणि दुसरं घरी, उद्या धाकटी मोठी झाली की फोटो बघून विचारणारच, मी कुठे होते?

लोकलकर

@गूळपोळी, सांगायचं, तू रडत होतीस.

जुळ्यांची_आई

माझी जुळी, दोन्ही मुलगे, आता आठ वर्षांची. गूळपोळीताई, जुळ्यांना "सगळे मिळून" हे जन्मापासून मिळतं. त्यांना मिळत नाही ते दुसरं. कपडे, वाढदिवस, आजीचा मुका, सगळं निम्मं.

आम्ही दोन वर्षांपासून महिन्याच्या एका रविवारी वाटून घेतो. एक माझ्याबरोबर, एक नवऱ्याबरोबर, पुढच्या महिन्यात अदलाबदल. नियम एकच, कुठे जायचं ते मुलगा ठरवणार आणि खर्च दोनशेच्या आत. आम्हाला वाटलं मॉल म्हणतील. पहिल्याच खेपेला एकाने काय मागितलं असेल? पंक्चरवाला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे बसायचंय म्हणाला. नवरा आणि तो दीड तास बसले. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, तिथे खडूने खूण करायची, कानस मारायची. पंक्चरवाल्याने शेवटी याच्याकडून एक ठिगळ लावून घेतलं. खर्च दोन कटिंग.

दुसरा दर वेळी माझ्याबरोबर बसच्या पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत जातो आणि परत येतो. बोलत फारसा नाही. परवा अचानक म्हणाला, शाळेत एक मुलगा त्याला त्याच्या भावाच्या नावाने हाक मारतो आणि तो ओ देतो, कारण सांगायचा कंटाळा येतो. दोघं एकत्र असताना हे मला कधीच कळलं नसतं.

मेतकूट_भात

पंक्चरवाला!! हे मोठ्याला वाचून दाखवणार नाहीये, लगेच मागणी येईल.

@गूळपोळी, छोटीचा नंबर लागेलच. सध्या तिला गच्चीवर नेलं तरी सहल आहे.

चौकटीतला_बाबा

एक अडचण विचारू का, हसू नका. मुलगी चार वर्षांची. बायको शनिवारी कामावर असते, म्हणून मी एकटाच तिला घेऊन जातो. प्राणी, झोपाळे, आइस्क्रीम सगळं जमतं. पण शू लागली की माझे हातपाय गळतात. पुरुषांच्या बाजूला नेऊ? तिथे सगळे उभे. बायकांच्या बाजूला मी जाऊ शकत नाही. मागच्या महिन्यात एका बागेत एका बाईंना विनंती केली, त्या नेतो म्हणाल्या, पण मुलगी अनोळखी बाईबरोबर जाईना. शेवटी रिक्षा करून घरी आलो, आणि रिक्षात...

केळफूल

यात हसण्यासारखं काय आहे? दिव्यांगांसाठी वेगळं स्वच्छतागृह असेल तर सरळ ते वापरा, अटेंडंटला आधी सांगून. तिथे कोणी वाट बघत असेल तर अर्थात त्याला आधी जाऊ द्या.

जुळ्यांची_आई

नसेल तर बायकांच्या दारात उभं राहून साफसफाईवाल्या मावशींना हाक मारायची. "मावशी, मुलीला घेऊन आत येऊ का, दोन मिनिटं कोणाला सोडू नका." माझ्या भावाला आजवर एकही मावशी नाही म्हणालेली नाही. आणि पोचल्या पोचल्या जायचं, लागेपर्यंत थांबायचं नाही. कपड्यांचा एक जोड बॅगेत.

चौकटीतला_बाबा

हे कधी सुचलंच नाही. मी आपला दाराबाहेर बोर्डाकडे बघत उभा असायचो. धन्यवाद, येत्या शनिवारी करून बघतो.

टेकडीवरचा_वेताळ

अवांतर: धागा चांगला रंगलाय. पाणघोड्याच्या शेपटीचं कारण सांगू का? नर असं करून आपला इलाखा जाहीर करतो. म्हणजे तुम्ही सगळे त्याच्या हद्दीत उभे होतात.

भायखळ्याचा_जुना

वेताळराव, बाग नको म्हणता आणि पाणघोड्याचं बरोबर माहीत!

सदाशिव_पेठी_नाही

पुण्याहून. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाचं कोणीच कसं लिहिलं नाही? राणीच्या बागेपेक्षा आवार कितीतरी मोठं, १३० एकर आहे, तलाव आहे, सर्पोद्यान आहे. साप बघायला आमची दर वर्षी फेरी असते. मुलगा साडेसहाचा असेल तर बॅटरीवरच्या गाडीचा हट्ट करेल, आधीच ठरवून ठेवा चालायचं की बसायचं. टोपी आणि पाणी न्या, उन्हात बरंच फिरावं लागतं. पुण्यात या तर जरूर जा.

फक्त एक, तेही बुधवारी बंद असतं. आम्ही एकदा पाहुण्यांना घेऊन फाटकापर्यंत गेलो होतो.

मेतकूट_भात

थांबा थांबा. आत्ताच नवऱ्याला विचारलं. परवा मोठ्याचं ऐकून त्याला हुरूप आलाय. "आता माझी पाळी, मी त्याला पुण्याला नेतो, ताईकडे राहू, साप बघू," म्हणून त्याने गुपचूप रजा टाकली, इंटरसिटीची दोन तिकिटं काढली आणि मोठ्याला सांगूनही टाकलं.

बुधवारची.